‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’: औषधाची चिठ्ठी अमेरिकेच्या दिवाणखान्यात कशी पोहोचली?

मागच्या वर्षी एका परिषदेसाठी अमेरिकेला गेले होते, तेव्हा दोन रात्री न्यू जर्सीला मावसबहिणीकडे मुक्काम होता. मावशीही सहा महिन्यांसाठी तिथेच आलेली. रात्री जेवणं उरकून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. कुठलासा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम चालू होता आणि बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा गालिच्यावर लोळत होता. मधेच जाहिरात लागली. पांढऱ्या केसांचं एक जोडपं बागेत कुत्र्याशी खेळतंय, नातवंडं पळतायत, छान ऊन पडलंय. आणि मागून एक शांत, गोड आवाज सांगतोय की या औषधाने गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो, काही प्रकारचे कर्करोग होऊ शकतात, मृत्यूही येऊ शकतो. शेवटी, ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा.’

मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, हे औषध विकतायत की घाबरवतायत?”

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पण माझी पीएच.डी. औषधांच्या नियमनाच्या इतिहासावर आहे, त्यामुळे प्रश्न डोक्यातून जाईना. मी मूळची एम.एस्सी.ची. औषध शरीरात काय करतं हे मला शिकवलं होतं. ते दिवाणखान्यात कसं येतं हे कुणी शिकवलं नव्हतं. आज तेच सांगते. तुमच्यापैकी जे संशोधनाच्या तयारीत आहेत त्यांना यातून एक कामाची सवयही लागेल: समोरच्या वस्तूचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा कुठल्या सालातला आहे ते शोधायचं.

त्या एका मिनिटाच्या जाहिरातीत चार तुकडे आहेत. औषधाचं नाव आणि ते कशासाठी आहे हे सांगणारा भाग. हसरी चित्रं. दुष्परिणामांची यादी. आणि शेवटचं ‘डॉक्टरांना विचारा’, त्याच्याबरोबर पडद्याच्या तळाशी एक फोन नंबर, एक संकेतस्थळ आणि बारीक अक्षरात एखाद्या मासिकाचं नाव. हे चारही तुकडे एका वेळी, एका माणसाने ठरवलेले नाहीत.

चिठ्ठी आली कुठून?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत औषधं जाहिरातींवरच विकली जायची. वर्तमानपत्रं ‘सर्व रोगांवर एकच उपाय’ अशा बाटल्यांच्या जाहिरातींनी भरलेली असत. याउलट जी औषधं फक्त डॉक्टरांपुढे मांडली जायची आणि लोकांपुढे कधीच नाही, त्यांना ‘एथिकल’ म्हणजे नीतीला धरून असलेली औषधं म्हणत. या शब्दावर जरा थांबा. लोकांना जाहिरात न करणं हेच तेव्हा चांगल्या औषधाचं लक्षण मानलं जात होतं.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी औषधं आणि दुकानातून थेट घेता येणारी औषधं अशी स्पष्ट कायदेशीर विभागणी झाली ती १९५१ मध्ये, डरहॅम-हम्फ्री दुरुस्तीने. ही दुरुस्ती मांडणारे दोघेही, कार्ल डरहॅम आणि ह्यूबर्ट हम्फ्री, स्वतः औषधविक्रीच्या पेशातले होते. विभागणीमागचा विचार साधा होता: काही औषधं अशी आहेत की ती सुरक्षितपणे कशी घ्यायची हे सामान्य माणसाला एकट्याने ठरवता येणार नाही, मधे डॉक्टर हवा.

मग थॅलिडोमाइडची शोकांतिका झाली. युरोपात हे औषध घेतलेल्या गरोदर स्त्रियांची हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. अमेरिकेत एफडीएमधल्या फ्रान्सिस केल्सी यांनी त्याला मंजुरी दिली नाही, म्हणून तो देश बराचसा वाचला. (इथे एफडीए म्हणजे अमेरिकेचं केंद्रीय अन्न व औषध प्रशासन, आपल्या राज्यातलं नव्हे.) १९६२ च्या केफॉव्हर-हॅरिस दुरुस्तीने औषध परिणामकारक आहे हे सिद्ध करणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याच कायद्यात आपल्या विषयाचं बीज आहे: चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिरातींवरचा अधिकार एफडीएकडे आला, आणि प्रत्येक जाहिरातीत दुष्परिणाम, औषध कुणी घेऊ नये आणि ते किती परिणामकारक आहे यांचा थोडक्यात पण खरा गोषवारा असलाच पाहिजे असं ठरलं.

म्हणजे मावशीने ऐकलेला ‘घाबरवणारा’ आवाज १९६२ चा आहे. पण तो नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर वैद्यकीय नियतकालिकं वाचणारे डॉक्टर होते. गालिच्यावर लोळणारा आठ वर्षांचा मुलगा त्यांच्या कल्पनेतही नव्हता.

बंदी कधी उठली? हा प्रश्नच चुकीचा

मी वाचायला सुरुवात केली तेव्हा वहीत पहिला प्रश्न लिहिला होता, ‘अमेरिकेने टीव्हीवरच्या जाहिरातींवरची बंदी कधी उठवली?’ आठवडाभर उत्तर सापडेना. कारण तशी बंदी घालणारा कायदा कधी नव्हताच! लोकांसाठी जाहिरात करायची नाही ही धंद्यातली रीत होती. आणि टीव्हीवर ती करणं नियमांमुळे जवळजवळ अशक्य होतं. आपण आधीच उत्तर गृहीत धरून प्रश्न विचारतो, ते हे असं.

रीत मोडली १९८१ मध्ये. मर्क कंपनीने न्यूमोव्हॅक्स या न्यूमोनियावरच्या लशीची जाहिरात ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये दिली. १९८३ च्या मे महिन्यात बूट्स कंपनीने रुफेन या वेदनाशामकाची जाहिरात टीव्हीवर आणली. रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, तेव्हा ते चिठ्ठीवरच मिळत असे. जाहिरातीचा सगळा भर ‘आमचं औषध स्वस्त आहे’ यावर होता. एफडीएने लगेच हस्तक्षेप केला, आणि सप्टेंबरात सगळ्याच कंपन्यांना विनंती केली की काही काळ लोकांसाठीच्या जाहिराती थांबवा, आम्हाला विचार करू द्या.

हा विचार दोन वर्षं चालला. ९ सप्टेंबर १९८५ ला एफडीएने जाहीर केलं की आहेत ते नियम लोकांच्या संरक्षणाला पुरेसे आहेत. नवी परवानगी दिली नाही, नवी मनाईही केली नाही.

एफडीएला सरळ मनाई का करता आली नसती? इथे १९७६ चा एक निकाल आड येतो. व्हर्जिनिया राज्यात औषधविक्रेत्यांना औषधांच्या किमतींची जाहिरात करायला मनाई होती. ग्राहकांची एक संघटना कोर्टात गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने मनाई रद्द केली: व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं काही प्रमाणात संरक्षण आहे. गंमत बघा, खटला ग्राहकांनी लढला होता, स्वस्त औषध कुठे मिळतं हे कळावं म्हणून. पुढे त्याच तत्त्वाचा आधार औषध कंपन्यांना मिळाला.

एका शब्दप्रयोगाची किल्ली

आता खरी मेख. छापील जाहिरातीत दुष्परिणामांचा गोषवारा देणं सोपं होतं, मागच्या पानावर बारीक अक्षरात छापून टाकायचा. टीव्हीवर तेवढं सगळं वाचून दाखवायला कित्येक मिनिटं लागली असती. नियमात एक पर्याय मात्र होता: मुख्य धोके बोलून सांगा, आणि पूर्ण माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्याची ‘ॲडिक्वेट प्रोव्हिजन’, म्हणजे पुरेशी सोय करा. पण लाखो घरांत पसरलेल्या प्रेक्षकांसाठी पुरेशी सोय म्हणजे काय, हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून नव्वदच्या दशकात विचित्र जाहिराती आल्या. काहींत नुसता आजार असायचा, औषधाचं नाव नाही. काहींत नुसतं नाव असायचं, ते कशासाठी आहे हे नाही. कारण नियमानुसार औषधाबद्दल काही दावाच केला नाही तर धोके सांगावे लागत नव्हते. ॲलर्जीवरच्या क्लॅरिटिनच्या अशा जाहिराती बघून लोकांना पत्ताच लागेना की हे आहे तरी काय. म्हणजे लोकांना माहिती मिळावी म्हणून केलेल्या नियमामुळे काहीच माहिती नसलेल्या जाहिराती तयार होत होत्या.

१९९५ च्या ऑक्टोबरात एफडीएने जाहीर सुनावणी घेतली. ऑगस्ट १९९७ मध्ये एक मसुदा निघाला, १९९९ मध्ये तो पक्का झाला. मार्गदर्शक सूचनांचा हा छोटासा, कंटाळवाणा कागद. त्यात ‘पुरेशी सोय’ म्हणजे काय ते लिहिलं होतं: एक मोफत फोन नंबर द्या, एक संकेतस्थळ द्या, छापील माहिती कुठे मिळेल ते सांगा, आणि डॉक्टर किंवा औषधविक्रेत्याकडे चौकशी करायला सांगा.

पडद्याच्या तळाशी दिसणारं मासिकाचं नाव आठवतंय ना? ते इथून आलं. ‘तुमच्या डॉक्टरांना विचारा’ हे वाक्य जाहिरातवाल्यांना सोयीचं होतंच, पण ते त्या चार अटींपैकी एकही आहे. नवा कायदा झाला नाही, संसदेत मतदान झालं नाही. एका जुन्या शब्दप्रयोगाचा अर्थ तेवढा सांगितला गेला.

परिणाम आकड्यांत बघा. लोकांसाठीच्या जाहिरातींवर कंपन्यांचा खर्च १९९६ मध्ये सुमारे ७९ कोटी डॉलर होता, २००० मध्ये जवळपास २५० कोटी. त्यातला टीव्हीचा वाटा २२ कोटींवरून १५७ कोटींवर गेला. २०१६ पर्यंत एकूण खर्च ६०० कोटींच्या घरात होता. मात्र एक सावधगिरी बाळगा. खर्च १९९७ च्या आधीपासूनच वाढत होता. तेव्हा ‘१९९७ मुळे सगळं झालं’ असं प्रबंधात लिहिलंत तर परीक्षक पकडतील. १९९७ ने वाढीला टीव्हीची वाट मोकळी करून दिली, एवढं म्हणता येतं.

घरातली माणसं आणि घड्याळ

१ फेब्रुवारी २००४. सुपर बोल, म्हणजे अमेरिकेतली फुटबॉलची अंतिम लढत. आपल्याकडे वर्ल्ड कपची फायनल बघायला घर जमतं तसं आजोबांपासून नातवापर्यंत सगळे टीव्हीसमोर. त्या सामन्यात पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरच्या औषधांच्या जाहिराती लागल्या. सियालिसच्या जाहिरातीत एक इशारा होता, की ताठरता चार तासांपेक्षा जास्त टिकली तर ताबडतोब वैद्यकीय मदत घ्या. किती घरांत पोरांनी “म्हणजे काय?” विचारलं असेल आणि किती बापांनी रिमोट शोधला असेल!

पण हे वाक्य तिथे का होतं? जाहिरातीने औषध कशासाठी आहे ते सांगितलं होतं, म्हणून मुख्य धोकाही सांगणं भाग होतं. नुसतं नाव झळकवलं असतं तर घरात अवघडलेपण आलं नसतं, आणि रुग्णाला धोकाही कळला नसता. घराला हवा असलेला संकोच आणि रुग्णाला हवी असलेली माहिती या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत होत्या.

याआधी अमेरिकेने घड्याळ वापरून पाहिलं होतं. १९७५ मध्ये वाहिन्यांनी संध्याकाळच्या मुख्य प्रसारणाचा पहिला तास ‘कौटुंबिक’ ठेवायचं ठरवलं. त्यामागे सरकारी दूरसंचार आयोगाचा दबाव होता. पटकथालेखक कोर्टात गेले, आणि १९७६ मध्ये न्यायाधीशांनी हा दबाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध असल्याचा निकाल दिला. (१९७९ मध्ये वरच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर तो निकाल बाजूला ठेवला, पण ‘कौटुंबिक तास’ काही टिकला नाही.) म्हणजे औषधांच्या किमतींचा निकाल आणि हा निकाल, दोन्ही एकाच वर्षातले.

तरी घड्याळाची कल्पना परत आली. २००५ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेने स्वतःसाठी आचारसंहिता केली: टीव्हीवर नाव घेतलंत तर औषध कशासाठी आहे आणि त्याचे धोके काय हेही सांगा. म्हणजे नावापुरत्या जाहिरातींना रामराम. २००८ मध्ये तिच्यात सुधारणा झाली: मुलांसाठी योग्य नसलेल्या जाहिराती जिथे साधारण ९० टक्के प्रेक्षक प्रौढ असतील तिथेच दाखवा. ही संहिता ऐच्छिक होती. २००९ मध्ये खासदार जिम मोरान यांनी विधेयक आणलं की लैंगिक दुर्बलतेच्या औषधांच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० या वेळात नकोत. ते मंजूर झालं नाही.

सकाळी ६ ते रात्री १०, ऐकल्यासारखं वाटतं ना? डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने कंडोमच्या जाहिरातींसाठी नेमकी हीच वेळ वर्ज्य ठरवली होती. भारतात चिठ्ठीवरच्या औषधांच्या जाहिराती टीव्हीवर दिसत नाहीत. मालिकेच्या मधे दिसतात ते बाम आणि खोकल्याच्या गोळ्या. लोकांसाठी अशा औषधांची राजरोस जाहिरात चालते ते प्रमुख देश दोनच, अमेरिका आणि न्यूझीलंड. पण घरातल्या सगळ्यांसमोर काय यावं याचं उत्तर दोन्हीकडे घड्याळात शोधलं गेलं.

माझं मत सांगते. हे उत्तर लाजेचं आहे, धोक्याचं नाही. दुर्बलतेची जाहिरात रात्री ११ ला ढकलली की मुलांपुरता प्रश्न मिटला. पण सांधेदुखीच्या औषधाची जाहिरात बघताना कुणीच लाजत नाही, आणि इतिहासातली मोठी जखम सांधेदुखीच्याच औषधाने केलेली आहे.

विचारल्यावर काय होतं?

मर्कचं व्हायॉक्स हे सांधेदुखीचं औषध मे १९९९ मध्ये मंजूर झालं. आइस स्केटिंगमधली ऑलिंपिक विजेती डोरोथी हॅमिल त्याच्या जाहिरातीत होती. २००० मध्ये त्याच्या लोकांसाठीच्या जाहिरातींवर १६ कोटी डॉलर खर्च झाले, त्या वर्षी पेप्सीच्या जाहिरातींवर झालेल्या खर्चापेक्षा जास्त. ३० सप्टेंबर २००४ ला हृदयविकार आणि पक्षाघाताच्या वाढलेल्या धोक्यामुळे कंपनीने ते बाजारातून मागे घेतलं. एफडीएचेच शास्त्रज्ञ डेव्हिड ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अंदाज मांडला की त्यामुळे अमेरिकेत ८८ हजार ते १ लाख ४० हजार जादा लोकांना गंभीर हृदयविकार झाला असावा. हे सगळं जाहिरातीमुळे झालं असं म्हणता येणार नाही. डॉक्टरांनीही ते भरपूर लिहून दिलं होतं. पण नवं औषध, ज्याचे धोके अजून पुरते कळलेले नाहीत, ते कमी वेळात इतक्या लोकांपर्यंत पोहोचतं तेव्हा चुकीची किंमतही तितकीच मोठी होते.

आता उलटी बाजू. २००५ मध्येच रिचर्ड क्रॅविट्झ आणि सहकाऱ्यांचा प्रयोग ‘जामा’त आला. रचना शिकण्यासारखी आहे. प्रशिक्षित अभिनेत्री रुग्ण म्हणून १५२ डॉक्टरांकडे गेल्या, एकूण २९८ भेटी. काहींनी तीव्र नैराश्याची लक्षणं सांगितली, काहींनी नोकरी गेल्यानंतरच्या तात्पुरत्या उदासीची. काहींनी टीव्हीवरच्या जाहिरातीचा उल्लेख करून एका ब्रँडचं औषध मागितलं, काहींनी नुसतंच ‘एखादं औषध’ मागितलं, काहींनी काहीच मागितलं नाही.

तात्पुरत्या उदासीत औषधाची सहसा गरज नसते. तिथे काहीच न मागणाऱ्यांपैकी १० टक्क्यांना औषध मिळालं, ब्रँडचं नाव घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना. इथवर वाचून जाहिरातींच्या विरोधकांना आनंद होईल. पण तीव्र नैराश्याकडे बघा: काहीच न मागणाऱ्यांपैकी फक्त ५६ टक्क्यांना किमान योग्य उपचार मिळाले, ब्रँड मागणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांना, आणि नुसतं औषध मागणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांना.

म्हणजे ‘डॉक्टरांना विचारा’ हे वाक्य काम करतं. ज्याला गरज आहे त्यालाही दारापर्यंत नेतं आणि ज्याला नाही त्यालाही. १९५१ मध्ये मधे उभा केलेला डॉक्टर मागणीपुढे वाकतो. आणि ९८ चा आकडा सांगतो की उपयोग बोलण्याचा आहे, त्यासाठी ब्रँडचं नाव लागत नाही.

मावशीला उत्तर

अमेरिकन कायद्याला हे उमगायला वेळ लागला. २००७ मध्ये कायदा झाला की टीव्हीवर धोके स्पष्ट, ठळक आणि तटस्थ पद्धतीने सांगा. तटस्थ म्हणजे काय हे ठरवणारा नियम पक्का झाला नोव्हेंबर २०२३ मध्ये, सोळा वर्षांनी: साधी भाषा, आवाजाबरोबरच पडद्यावर अक्षरं, आणि त्या वेळी लक्ष विचलित करणारं दृश्य किंवा संगीत नको. हसरी चित्रं हा चौथा तुकडा, आणि त्याच्यावर नियमाचा हात सगळ्यात शेवटी पडला. ९ सप्टेंबर २०२५ ला, १९८५ च्या त्या घोषणेला बरोबर चाळीस वर्षं झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या जाहिरातींबाबत आदेशपत्र काढलं, आणि ‘पुरेशी सोय’ ही पळवाट बंद करण्यासाठी नियम बदलणार असल्याचं एफडीएने सांगितलं. सगळं परत त्याच दोन शब्दांपाशी आलं.

तुमच्यासाठी एवढंच सांगते. घरगुती वाटणारा प्रश्न हलका समजू नका, आणि कंटाळवाणे सरकारी कागद वाचायचा कंटाळा करू नका. कायदे सगळे वाचतात. बदल पुष्कळदा मार्गदर्शक सूचनेच्या तिसऱ्या पानावर दडलेला असतो.

परवा व्हिडिओ कॉलवर मावशीला सांगितलं, “विकणारा आवाज कंपनीचा आहे, घाबरवणारा आवाज कायद्याचा. दोघांना एकच मिनिट दिलंय, आणि चित्रं कंपनीने काढलीत.”

ती म्हणाली, “मग मी आता ती लागली की डोळे मिटून ऐकते.”

संशोधनाची पद्धत म्हणून हे वाईट नाही.